दोरीवरचे लंगोट मोजणाऱ्या अक्का

बाळंतिणीच्या घरी आलेलं माणूस आधी पाळण्यात डोकावतं. आमच्या अक्का पाळण्याकडे बघतही नसत. त्या घराला वळसा घालून थेट मागच्या अंगणात जायच्या आणि दोरीवरचे लंगोट मोजायच्या. बोटाने एकेक दाखवत, ओठ हलवत, शाळेच्या हजेरीसारखे. मग आत येऊन मोरीत हात धुवायच्या, पदराला पुसायच्या आणि विचारायच्या, "काल सकाळपासूनचे एवढेच ना? कुठे बादलीत, पलंगाखाली राहिले नाहीत ना?" नाही म्हटलं की निकाल लागायचा. सहा-सात असले तर "पोट भरतंय, कुणाचं ऐकू नका." त्याहून कमी असले तर खुर्ची ओढून बसायच्या. अक्का बसल्या की त्या घरात चहा ठेवायचंही कुणाला सुचत नसे.

सातपुड्याच्या पायथ्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी नर्स म्हणून आयुष्य काढलं होतं. निवृत्त झाल्यावर धुळ्याच्या देवपुरात आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. उंच, काटक, पायात पुरुषी चपला, डोक्यावर उन्हासाठी ओला रुमाल. त्यांना कुणी बोलवायला जात नसे. रिक्षातून टोपडं घातलेलं बाळ उतरलं की दुसऱ्या सकाळी दहाच्या सुमारास अक्का हजर. त्याबद्दल त्या अर्धा कप चहा घ्यायच्या, आणि साखर जास्त झाली तर तसं सांगायच्या.

लंगोट मोजण्यामागचं गणित त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "आईला विचारलं दूध येतं का, तर ती रडते. सासूला विचारलं तर ती म्हणते आमच्या वेळी घागरीनं यायचं. पोराला विचारता येत नाही. लंगोट खरं बोलतो." उन्हाळ्यात त्यांची एक अट असायची. धुळ्याच्या उन्हात कापड पंधरा-वीस मिनिटांत खडखडीत वाळतं, आणि नेटकी सासू ते लगेच घडी करून ठेवते. म्हणून अक्का बजावून जायच्या, "मी येईपर्यंत दोरीवरचं काही काढायचं नाही."

वरच्या दुधाच्या डब्याशी त्यांचं वैर आहे, असं गल्लीत सगळे समजत. त्याला कारण होतं. कोपऱ्यावरच्या घरातला एक नवा बाप पिशवीत डबा घेऊन येत होता. अक्कांनी त्याला रस्त्यातच अडवलं.

"काय आहे?"

"पावडर, अक्का. बाळ रडतं फार."

"लंगोट किती?"

"ते... मी नाही मोजले."

"मग काय, रडणं मोजलं?" त्यांनी डबा काढून घेतला आणि आपल्या फडताळात ठेवला. "आठ दिवसांनी मागायला ये." तो आला नाही. डबा तसाच राहिला, आणि ती गोष्ट सगळ्या देवपुरात झाली.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट मात्र कुणी सांगत नसे. आमच्या समोर कापडाचं दुकान असलेलं मारवाडी कुटुंब राहायचं. त्यांच्या सुनेला जुळं झालं आणि ती स्वतः रक्त कमी म्हणून पडून होती. घरात डबा आणलेला होता, पण तो लोणच्याच्या बरण्यांमागे लपवलेला. अक्कांनी तो शोधून काढला आणि पाण्याच्या माठाशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवला. "औषध आहे हे," त्या म्हणाल्या. "औषध कुणी शेजारणीला विचारून घेत नाही आणि लाजून टाकतही नाही. लपवलेल्या डब्याचं दूध घाईत कालवलं जातं. मग पोराचं पोट बिघडतं, आणि नाव डब्याचं."

पण लोकांना पहिलीच गोष्ट आवडायची. त्यामुळे झालं असं, की डबा सहसा न सांगणाऱ्या अक्कांनी एखाद्या घरी डबा सांगितला, तर तो त्या बाईवर शिक्का समजला जाई. "अक्कांनीसुद्धा डबाच सांगितला म्हणे" हे वाक्य नळावर किती हळू आवाजात बोललं जायचं, ते मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते.

माझी मुलगी चौदा वर्षांपूर्वी, एप्रिलात झाली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. माझं माहेर बोदवडचं, पण आई आधीच गेली होती, म्हणून बाळंतपण सासरी. पोट फाडून झालेलं. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, त्यामुळे अक्का मला "मास्तरीणबाई" म्हणायच्या, आणि त्यात आदर थोडा आणि टोमणा जास्त असे.

सासूबाई चोपड्याकडच्या एका खेड्यातल्या. बोलणं अहिराणी, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, माया मात्र दोन्ही हातांनी. त्यांनी सासऱ्यांच्या जुन्या मऊ धोतरांचे दोन डझन लंगोट हाताने शिवले होते. एक डझन वापरात, एक डझन ट्रंकेत. मला बाजरीची भाकर, मेथीचे लाडू, अळिवाची खीर असं सगळं सुरू होतं. दूध मात्र यायला तयार नव्हतं.

दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या सकाळी, अक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा, मी सासूबाईंना विचारलं, "सुरुवातीचं ते पिवळं दूध दवाखान्यात पाजलं मी. चाललं ना?" त्या काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या, "न चालायला काय झालं? गाय व्याली की तिचा चीक गल्लीभर वाटता. बाईचा मोरीत सांडता. गायीपेक्षा बाई वाईट का?" सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही टाके दुखेपर्यंत हसू आलं.

पुढचे दोन दिवस अक्कांनी माझ्याकडून कवायत करून घेतली. पोरीला अशी धर, तोंड मोठं उघडू दे, नुसतं टोक देऊ नको, एक बाजू संपू दे मग दुसरी. उन्हाळा आहे म्हणून चमचाभर पाणी द्यावं, असं सासूबाईंनी सुचवलं, तर त्यांच्यावर डोळे वटारले. पोरगी चिकटायची, दोन-तीन मिनिटं ओढायची आणि झोपायची. नवव्या दिवशी सकाळी अक्का दोरीवरून आत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"चार."

सासूबाईंनी पोरीचं दुपटं सारखं केलं.

"उद्या बघू. उद्याही चारच असले तर डबा आणायचा. छातीशी घ्यायचं सोडायचं नाही, पण वर डबा."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "माय व! डबा कसाले? आमना घरमा कोनीच डबाना दूधवर नही वाढनं."

"मग ही वाढेल," अक्का म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

त्या दिवशी मी पोरीला किती वेळा छातीशी धरलं ते आठवत नाही. दुसऱ्या सकाळी साडेनऊला मी खिडकीशी पडून होते. सासूबाई मागच्या अंगणात आल्या. त्यांच्या हातात ट्रंकेतले तीन लंगोट होते, घडी न मोडलेले. त्यांनी ते बादलीत बुडवले, पिळले, झटकले आणि दोरीवर बाकीच्या चारांच्या मधे मधे टाकले. मग दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि एकाची जागा बदलली.

अक्का आल्या. मोजलं. "सात!" त्यांचा आवाज अंगणातूनच ऐकू आला. "चढलं की, मास्तरीणबाई! म्हटलं नव्हतं?"

मी हसले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. ते सात खोटे आहेत हे मला माहीत होतं, तरीही बरं वाटलं. रसायनशास्त्राच्या प्रयोगात मुलं हवं ते उत्तर आधी लिहितात आणि मागून आकडे जुळवतात, तेव्हा मी त्यांच्या वह्या फेकते. इथे मी गप्प बसले. मनाशी म्हटलं, आज वाढेल, उद्या खरे सात होतील, मग कुणाला काही सांगायची गरजच उरणार नाही.

हे चार दिवस चाललं. पोरगी रडेनाशी झाली होती. झोपून असायची. येणारे-जाणारे म्हणायचे, किती शहाणी आहे, त्रास म्हणून नाही. सासूबाई मान डोलवायच्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत. मीही त्यांच्याकडे बघायचे नाही. एकाच खोलीत राहून चार दिवस आम्ही दोघी दोन वेगळ्या भिंतींकडे बघत होतो.

चौथ्या दिवशी वारा सुटला होता. अक्का दोरीशी आल्या तेव्हा एक लंगोट उडून मातीत पडला. तो झटकून पुन्हा टाकायला म्हणून त्यांनी उचलला, आणि उचललेला तसाच धरून उभ्या राहिल्या. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी लंगोटाची नाडी दोन बोटांत धरून ओढली. मग दोरीवरच्या दुसऱ्याची. मग तिसऱ्याची. एकदा बांधून सोडलेली नाडी चुरगळते, गाठीच्या जागी पीळ राहतो, धुतला तरी जात नाही. त्या तीन लंगोटांच्या नाड्या सरळ होत्या.

अक्का आत आल्या. ओरडल्या नाहीत. हात धुतले आणि त्या चार दिवसांत पहिल्यांदाच पोरीला उचललं. टाळूवर बोट ठेवलं. ओठ उघडून आतून बोट फिरवलं. लंगोट सोडला. तो कोरडा होता, मध्ये विटकरी रंगाचा एक डाग.

"कधी बांधलेला?"

"पहाटे," मी म्हटलं.

"आता दहा वाजले." त्यांनी पोरीच्या तळपायाला टिचकी मारली. ती कुरकुरली आणि पुन्हा झोपली. "चला. रिक्षा बोलवा. डॉक्टरकडे जायचं. आत्ता."

रिक्षात पोरगी अक्कांच्या मांडीवर होती. अक्का रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "माझी पण चूक. दोरी पाहिली. पोर पाहिलं नाही." एवढंच. लंगोटांबद्दल एक शब्द नाही. मी दोन्ही हातांनी माझे टाके धरून बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच देवाला नाही, तर पोरीलाच विनवत होते की रड, एकदा तरी मोठ्याने रड.

डॉक्टरांनी वजन केलं. जन्माच्या वजनापेक्षा बरंच खाली. त्यांनी एक दिवस ठेवून घेतलं, दर दोन तासांनी दूध मोजून पाजायला लावलं, आणि दुसऱ्या संध्याकाळी घरी सोडताना म्हणाले, "अजून दोन दिवस उशीर केला असता तर मी इतकं शांतपणे बोलत नसतो. आधी छातीशी घ्या, मग वरचं द्या. दोन्ही चालू ठेवा."

घरी आल्याबरोबर अक्का सासूबाईंना घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. दहा मिनिटं आतून काही ऐकू आलं नाही. मग सासूबाई बाहेर आल्या. डोळे लाल होते. त्यांनी पातेलं घासायला घेतलं.

फाटकाशी शेजारीण टपलेलीच होती. "काय म्हणाले डॉक्टर? डबा सांगितला का काय?"

"मी सांगितला," अक्का खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पोट फाडलेल्या बाईला दूध उशिरा येतं. तोवर पोरानं काय हवा खायची? तुमचा नातू काय खातो, बिस्किटं ना?"

शेजारीण गेली.

डबा कालवायचं शिक्षण सासूबाईंनी असं घेतलं की मी चाट पडले. पहिल्या दिवशी त्यांनी चमचा शीग लावून भरला. "जरा जास्त घालू दे. उपाशी ऱ्हायेल पोर शे." अक्कांनी सुरीच्या पाठीने तो चमचा सपाट केला. "जास्त घातलं तर पोट धरेल. पुरवायला म्हणून कमी घातलं तर पोसणार नाही. डब्यावर लिहिलंय तेवढं पाणी, तेवढीच पावडर. इथे माया नको, माप पाहिजे." पाणी उकळून गार केलेलं, वाटी-चमचा उकळलेला, उरलेलं दूध झाकून ठेवायचं नाही, सांडून द्यायचं. वाचता न येणाऱ्या माझ्या सासूबाईंनी वाटीला नखाने खूण करून घेतली आणि पुढे कधीही, कुणालाही, मलासुद्धा, दूध कालवू दिलं नाही. डबा त्यांनी देवळीत ठेवला, समईच्या शेजारी.

आठवड्यात दोरीवर आठ लंगोट आले. त्यांच्या नाड्या चुरगळलेल्या आहेत हे मी स्वतः जाऊन पाहिलं. माझं दूध वाढलं, हळूहळू, महिनाभराने. तिसऱ्या महिन्यात डबा दिवसातून एकदाच राहिला. मग कॉलेजची रजा संपली आणि तो पुन्हा वाढला. मला वाटलं अक्का काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "नोकरी सोडू नको. सकाळ-संध्याकाळ तुझं, दुपारी डबा. वाटणी झाली, भांडण नाही." सहा महिन्यांनी पोरगी वरणभात खायला लागली आणि हा प्रश्नच संपला. आज ती चौदा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच आहे, आणि दूध या वस्तूचा तिला तिटकारा आहे.

त्या उन्हाळ्यानंतर अक्का बदलल्या. बाळंतिणीच्या घरी आता त्या आधी आत येत, मूल मांडीवर घेत, टाळू बघत, रडवत, आणि मग दोरीकडे जात. का, ते कुणाला सांगितलं नाही. पुढे गल्लीत दोऱ्या रिकाम्या राहायला लागल्या, डायपर आले. मला वाटलं आता यांचं शास्त्र संपलं. पण अक्कांनी कचऱ्याचा डबा उघडून वापरलेला डायपर हातावर तोलायला सुरुवात केली. सुना नाकाला पदर लावायच्या. अक्का म्हणायच्या, "वास कसला घेता? वजन घ्या."

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे बसले आणि चोपड्याच्या भाच्याने त्यांना कायमचं न्यायचं ठरवलं. सासूबाई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. सामान बांधायला मी गेले. बांधायला फार काही नव्हतंच. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता मी म्हटलं, कारण आता नाही म्हटलं तर कधीच म्हणणार नव्हते:

"अक्का, एक सांगायचं राहिलंय. त्या तीन लंगोटांचं मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

अक्कांनी वर पाहिलं नाही. "मला माहीत आहे."

"कसं?"

"तुझ्या सासूनं त्याच दिवशी सांगितलं. दार लोटून बसलो होतो ना. मी म्हटलं, सुनेला ठाऊक आहे का? तर हो म्हणाली. म्हणे, 'खिडकी उघडी व्हती, तिनी दखेल शे. पन तिले बोलू नका, अक्का. तिनं दूध आटी जाई. माले बोला.'" अक्कांनी पेल्यात कागदाचा बोळा कोंबला. "मग तिलाच बोलले. तुझ्या वाटचंही तिलाच बोलले. तिनं ऐकून घेतलं."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. त्यानंतर अकरा वर्षं एका घरात राहून सासूबाईंनी मला हे कधी कळू दिलं नव्हतं. शेवटच्या आजारपणात रात्रंदिवस मी त्यांच्याजवळ होते, तेव्हाही नाही.

"पण नंतर? पोरगी सुधारल्यावर तरी मला बोलायचं होतं तुम्ही."

"तेव्हा दूध वाढत होतं. वाढत्या दुधात कोण माती कालवतं? मग ती चालायला लागली, शाळेत गेली. राहूनच गेलं."

"आता बोला."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. चेष्टा करते आहे का, ते बघत होत्या. मग हातातला पेला बाजूला ठेवला, ट्रंकेवर नीट टेकून बसल्या आणि खरोखरच बोलल्या. आवाज चढवून, बोट नाचवून, एखाद्या ओल्या बाळंतिणीला बोलतात तसं पन्नाशीला आलेल्या मला.

"शिकलेली बाई तू! कॉलेजात पोरांना मापं शिकवतेस. तुझ्या सासूला अक्षर येत नव्हतं, ती भ्यायली, तिनं केलं. तू कशापायी गप्प बसलीस? नळावरच्या चार बाया काय म्हणतील म्हणून? उपास पोरीला आणि लाज तुला! दूध येणं न येणं तुझ्या हातात नव्हतं. त्यात लाज कसली होती? तोंड उघडणं तर होतं ना हातात? खिडकीतून नुसती हाक मारली असतीस. 'आई, नका' एवढं. दोन शब्द."

बाहेर टेम्पोवाला दोरखंड घेऊन दारात आला होता, तो तिथेच थबकला.

"चुकलं, अक्का."

"चुकलंच."

त्या थोडा वेळ धापा टाकत बसल्या. मग गुडघ्यावर हात रेटून उठल्या, पदराने कपाळ पुसलं आणि फडताळाकडे हात केला.

"ती वरची बरणी काढ. माझा हात पोचत नाही आता."

मी स्टुलावर चढले आणि बरणी काढून दिली.